दक्षिणेविना यज्ञ

कर्म करावे, परंतु त्याच्या फळावर आसक्ती ठेवू नये, हा भगवद्गीतेतील निष्काम कर्माचा विचार महाराष्ट्रात ज्ञानेश्वरीपासून टिळकांच्या ‘गीतारहस्या’पर्यंत आणि विनोबांच्या ‘गीता-प्रवचनां’पर्यंत अनेक अंगांनी मांडला गेला असला, तरी हा उपदेश कोणी कोणाला करायचा, या प्रश्नाकडे त्या मानाने फार कमी लक्ष गेले आहे. काम करणारी व्यक्ती जेव्हा तो स्वतःला करते तेव्हा ती साधना असते. परंतु काम करवून घेणारा जेव्हा तोच उपदेश काम करणारीला करतो आणि तिच्या हाती पडायचे फळ त्याच्याकडेच राहते, तेव्हा त्या उपदेशाला तत्त्वज्ञान म्हणावे की व्यवहारातील सोय, हे तपासून पाहावे लागते. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील ज्या तरुणी आज वीटभट्टीवर, अंगणवाडीत, कारखान्याच्या पॅकिंग विभागात किंवा गोदामात काम करतात, त्यांच्या अनुभवातून हा प्रश्न फार नेमकेपणाने उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधताना धर्मपरंपरेतील काही विस्मरणात गेलेल्या चर्चा अनपेक्षितपणे उपयोगी पडतात, जरी ती परंपरा शेवटपर्यंत सोबत करत नसली तरी.

या दोन तालुक्यांची आर्थिक घडण बऱ्याच अंशी मुंबईच्या गरजांनी ठरवली आहे. तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले, पुढे भातसा आले, आणि महानगराच्या पाण्याचा मोठा वाटा शहापूरच्या डोंगरांतून जाऊ लागला; त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावे लागते, आणि पाणी टँकरचे असो वा विहिरीचे, हंडा डोक्यावर घेणारी बाईच असल्यामुळे आसनगाव किंवा खर्डी स्थानकावर सकाळची लोकल पकडणाऱ्या तरुणीचा कामाचा दिवस कोणत्याही हजेरीपटावर नोंद होण्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे तेथील मुलीला कल्याण गाठायचे तर एसटीच्या वेळापत्रकाशी जमवून घ्यावे लागते, अन्यथा तालुक्याच्या औद्योगिक क्षेत्रात ठेकेदारामार्फत मिळेल ते काम पत्करावे लागते. संपूर्ण शहापूर आणि मुरबाडचा काही भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली, म्हणजे आदिवासी हितरक्षणासाठी राखलेल्या विशेष प्रशासकीय व्यवस्थेखाली येतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली यांच्यासोबत कुणबी, आगरी आणि बौद्ध वस्त्याही येथे आहेत, आणि कोणत्या वस्तीतील मुलीला कोणते काम मिळते, हे अजूनही बरेचसे जन्मानेच ठरते.

वीटभट्टीवरचे काम या क्रमवारीत तळाशी आहे. कातकरी ही महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून गणल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक असून तिच्यातील कित्येक कुटुंबे भातकापणी आणि दिवाळी आटोपली की भिवंडी, कल्याण, वसई या पट्ट्यातील भट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. हंगाम सुरू होण्याआधी शेठ जी आगाऊ रक्कम देतो तिला बयाणा म्हणतात, आणि पुढे हजार विटांमागे ठरलेल्या दराने ती फिटत जाते, किंवा फिटत नाही. येथे महत्त्वाचे हे की बयाणा एका माणसाला दिला जात नाही, तो जोडीला दिला जातो. नवरा-बायको मिळून एक मजूर धरले जातात, चिखल कालवण्यापासून विटा डोक्यावरून वाहण्यापर्यंत बायकोचे श्रम त्या हजार विटांत मुरलेले असतात, परंतु हिशेबाच्या वहीत नाव नवऱ्याचे असते. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी लग्न करून भट्टीवर येते तेव्हा तिच्या मजुरीत भेदभाव झाला असे म्हणायलाही जागा उरत नाही, कारण भेदभाव होण्यासाठी आधी दोन वेगवेगळ्या मजुऱ्या असाव्या लागतात.

जुन्या ठाणे जिल्ह्यात या प्रकाराला इतिहास आहे. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा आदिवासी आणि त्याची नवी बायको असे दोघेही त्या कर्जापोटी सावकाराकडे राबत, आणि त्यांना लग्नगडी म्हणत. म्हणजे विवाह हा संस्कार स्त्रीच्या बाबतीत वेठबिगारीत शिरण्याचे दार ठरत असे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले, त्यानंतर उभ्या राहिलेल्या वारल्यांच्या लढ्याने ही पद्धत मोडली, आणि त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकिकत नोंदवली. वेठबिगारी देशभर कायद्याने रद्द व्हायला १९७६ साल उजाडावे लागले. परंतु कर्ज जोडीचे आणि हिशेब एकाचा, ही रचना भट्टीवर टिकून राहिली, यावरून एवढे तरी दिसते की ती केवळ सावकाराच्या क्रौर्यातून आलेली नव्हती. पत्नीचे श्रम पतीच्या श्रमातच मोजायचे, ही समजूत तिच्या मुळाशी होती, आणि त्या समजुतीला धर्मशास्त्राची भाषा उपलब्ध होती.

ही भाषा ज्या ठिकाणी तपासली गेली ते ठिकाण म्हणजे जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय. मीमांसा हे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे आणि कर्मकांडाचे नियम ठरवण्याचे शास्त्र असून या अध्यायाचा विषय ‘अधिकार’ हा आहे. अधिकार म्हणजे एखादे कर्म करण्याची आणि त्याचे फळ आपले म्हणून मिळवण्याची पात्रता. स्त्रीला यज्ञाचा अधिकार आहे का, असा प्रश्न तेथे उपस्थित होतो, आणि पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढण्यासाठी आधी मांडलेली विरोधी बाजू, नाही असे उत्तर देते. यज्ञाला द्रव्य लागते, स्त्रीजवळ द्रव्य नसते, कारण ती स्वतःच मोल देऊन पित्याकडून आणलेली असते, आणि पत्नी, दास व पुत्र जे काही मिळवतात ते ज्याचे ते असतात त्याचेच होते असे स्मृतीत म्हटलेले आहे, असा हा युक्तिवाद आहे. वीटभट्टीवरील वहीमागचे तर्कशास्त्र याहून वेगळे नाही. जैमिनीचा सिद्धान्त मात्र उलट जातो: फळाची ओढ स्त्रीला पुरुषाइतकीच असते, म्हणून अधिकारही तितकाच, विवाहात दिले जाणारे मोल हे खऱ्या अर्थाने विक्रीचे मोल नसते, आणि भाष्यकार शबर पुढे जाऊन सांगतो की स्त्रीला निर्धन ठरवणारी स्मृती श्रुतीच्या विरोधात जात असेल तर ती प्रमाण मानता येत नाही. पती आणि पत्नी दोघेही धनाचे स्वामी आहेत, आणि म्हणूनच त्यांनी यज्ञ मिळून करायचा आहे. पत्नी, दास व पुत्र यांविषयीच्या मनुस्मृतीतील त्या श्लोकावर लिहिताना भाष्यकार मेधातिथीलाही ही अडचण जाणवली, आणि त्याने तेथे स्वामित्वाचा अभाव न मानता फक्त स्वतंत्रपणे खर्च करण्यावरची मर्यादा मानली.

या चर्चेतील एक बारकावा निष्काम कर्माच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. गीता ज्या फलाकांक्षेचा त्याग करायला सांगते, तीच आकांक्षा मीमांसेने स्त्रीच्या अधिकाराचा पाया मानली आहे. वरवर पाहता हा विरोध वाटतो, परंतु तो एकाच वस्तूच्या दोन अवस्थांचा क्रम म्हणून वाचता येतो: आधी फळ आपले असावे लागते, मगच ते सोडता येते. गीतेतील उदाहरणेही हेच सुचवतात. ज्याला उपदेश केला तो अर्जुन राजपुत्र आहे. ज्याचा दाखला दिला तो जनक राजा आहे. आणि स्वतः श्रीकृष्ण आपल्याला तिन्ही लोकांत मिळवायचे काही उरलेले नसताना आपण कर्म करतो असे सांगतो. ज्यांच्याकडे सोडण्यासारखे काहीतरी आहे अशांची ही मालिका आहे. मंडाले येथील तुरुंगात १९१०-११ मध्ये लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी लोकसंग्रहावर, म्हणजे समाजाची घडी टिकवण्यासाठी ज्ञानी माणसाने करायच्या कर्मावर, जो भर दिला तोही मुख्यतः नेतृत्व करणाऱ्यांना उद्देशून होता. ज्या स्त्रीची मजुरी मुळात वेगळी नोंदलीच जात नाही, तिला फलत्याग शिकवणे म्हणजे ज्याच्या ताटात काही वाढलेलेच नाही त्याला उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे.

येथे जनाबाईचे उदाहरण आक्षेप म्हणून पुढे केले जाऊ शकते, कारण नामदेवाच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या जनीजवळ सोडण्यासारखे काहीच नव्हते, आणि तरी तिच्या अभंगांतील दळणकांडण हीच भक्ती झाली. हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. तथापि जनाबाईच्या अभंगविश्वातील विठ्ठल काम करवून घेणारा नाही. तो जात्याला हात लावतो, तिच्या कष्टांत उतरतो, आणि मालक व दासी यांच्यातील अंतर तोच मोडतो. कामातील ईश्वर आणि काम देणारा धनी यांची अदलाबदल करून जनाबाईचे नाव घेणे हा तिच्यावर अन्याय आहे.

मीमांसेने पत्नीला यज्ञात बरोबरीने बसवले, पण स्मृतिकारांनी तिची कमाई मात्र वेगळी काढली. स्त्रीधन, म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या मालकीची संपत्ती, कोणती याची चर्चा करताना कात्यायनाने एक भेद केला: माहेरहून आणि नातलगांकडून मिळालेल्या भेटी तिच्या, परंतु शिल्पाने, म्हणजे स्वतःच्या हातच्या कौशल्याने तिने मिळवलेल्या द्रव्यावर स्वामित्व पतीचे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात स्त्रीधनाच्या या गुंतागुंतीचा सविस्तर मागोवा घेतला आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा या टीकेने स्त्रीधनाची व्याप्ती पुष्कळ वाढवली, तरी व्यवहारात कात्यायनाचा भेद हटला नाही. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्तीविषयीच्या कायद्याने पत्नीची मजुरी तिची स्वतंत्र मालमत्ता ठरवली, पण हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना त्यातून वगळले. हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने १९५६ मध्ये स्वतःच्या कौशल्याने किंवा श्रमाने मिळवलेली संपत्ती स्त्रीच्या पूर्ण मालकीची ठरवली, तेव्हा कात्यायनाचा नियम कागदावर तरी उलटला. कागदावर म्हणण्याचे कारण असे की ऑगस्ट २०२४ पासून ‘माझी लाडकी बहीण’ योजनेखाली दरमहा १५०० रुपये थेट स्त्रीच्या बँक खात्यात येऊ लागले, पण भट्टीवरील तिची मजुरी आजही नवऱ्याच्या नावे निघते; भेट तिची आणि कमाई त्याची, ही विभागणी एखाद्या स्मृतिकाराला ओळखीची वाटावी अशीच आहे. योजना वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ज्या घरात स्त्रीच्या नावे कधी पैसा आला नव्हता तेथे खाते उघडले जाणे ही मोठीच गोष्ट आहे, फक्त ते खाते मजुरीसाठी आधी उघडले गेले असते तर अधिक बरे झाले असते.

मीमांसेकडे पुन्हा वळण्याचे दुसरे कारण म्हणजे दक्षिणेचा विचार. यज्ञाचे फळ, उदाहरणार्थ स्वर्ग, यजमानाला मिळते, म्हणजे ज्याच्या संकल्पाने आणि खर्चाने यज्ञ होतो त्याला. प्रत्यक्ष मंत्र म्हणणारे आणि आहुती देणारे ऋत्विज, म्हणजे यज्ञासाठी नेमलेले पुरोहित, त्या फळाचे धनी नसतात, आणि म्हणून त्यांना दक्षिणा द्यायची असते. ही दक्षिणा पुण्यासाठीचे दान नसून परिक्रय आहे, असा मीमांसकांचा स्पष्ट निर्णय आहे. परिक्रय म्हणजे ठरावीक मोबदला देऊन कोणाचे श्रम काही काळापुरते घेणे. अत्यंत पवित्र मानलेल्या कर्मातही श्रमाचे मोल वेगळे आणि कर्माचे पुण्य वेगळे, असा हा हिशेब आहे, आणि दक्षिणा न देता केलेला यज्ञ निष्फळ मानला गेला आहे. या नियमाला एकच ठळक अपवाद आहे. सत्र नावाच्या दीर्घ यज्ञात दक्षिणा नसते, कारण तेथे सगळे ऋत्विज स्वतःच यजमान असतात आणि फळ सर्वांत वाटले जाते. म्हणजे विनामोबदला काम करण्याला शास्त्राची मान्यता आहे, पण काम करणारे सगळे फळाचे भागीदार असतील तेव्हाच.

या विचाराचा सर्वांत जुना शिलालेखी साक्षीदार मुरबाडच्या माथ्यावर आहे, हा योगायोग सोडून देण्यासारखा नाही. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची चढण सुरू होते, आणि घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील लेख आहे. तो सामान्यतः इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला मानला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची नावे आहेत, पण लेखाचा मोठा भाग दक्षिणेच्या यादीने व्यापला आहे: गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नावाची नाणी, प्रत्येक यज्ञासमोर आकड्यासह. भारतात कोरून ठेवलेल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी काही अंक या दक्षिणेच्या हिशेबात आहेत. कोकणातून जुन्नरकडे माल नेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी, एका स्त्रीच्या नावाशी जोडलेला हा लेख श्रमाचा मोबदला चव्हाट्यावर लिहून ठेवतो. त्या यज्ञांसाठी लाकूड तोडणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या आणि घाटात ओझी चढवणाऱ्या माणसांची मजुरी कोठेच लिहिलेली नाही, हेही तितकेच खरे, आणि दक्षिणेच्या तत्त्वाला दोन हजार वर्षांपूर्वीही कोठे मर्यादा होती ते त्यावरून कळते.

या पार्श्वभूमीवर अंगणवाडी सेविकेची स्थिती पाहिली तर तिच्याबाबत काय घडले आहे ते अधिक स्पष्ट होते. अंगणवाडीच्या कल्पनेचे एक मूळ जुन्या ठाणे जिल्ह्यातच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी त्यांच्याच अंगणात जाऊन बालशिक्षणाचे प्रयोग केले. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि तिच्या अंमलबजावणीसाठी ज्या स्त्रिया नेमल्या गेल्या त्यांना नोकर न म्हणता मानसेवी ठरवण्यात आले. त्यांना वेतन मिळत नाही, मानधन मिळते. मानधन ही संकल्पना मुळात अशा व्यक्तीसाठी आहे जिचा चरितार्थ दुसऱ्या मार्गाने चालतो आणि जी समाजासाठी थोडा वेळ देते. शहापूरच्या एखाद्या पाड्यावरील सेविका मात्र मुलांचे वजन घेणे, आहार वाटणे, लसीकरणाला साह्य करणे, पूर्वप्राथमिक शिकवणे, गरोदर स्त्रियांच्या घरी जाणे आणि हे सगळे मोबाइलवरील पोषण ट्रॅकरमध्ये भरणे एवढे काम करते, आणि त्यासाठीचा केंद्राचा वाटा २०१८ पासून दरमहा ४५०० रुपये आहे, ज्यात राज्य आपली भर घालते. आज या पदासाठी बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेल्या तरुणी अर्ज करतात, कारण गावात राहून करता येईल असे शिक्षणाशी जुळणारे दुसरे काम बहुधा नसते.

मीमांसेच्या परिभाषेत पाहिले तर येथे यजमान राज्यसंस्था आहे, संकल्प तिचा आहे, आणि बालमृत्यू व कुपोषण कमी होण्याचे श्रेयही तीच घेते. सेविका ऋत्विज आहे, आणि तिला द्यायची गोष्ट परिक्रय आहे. परंतु तिला परिक्रयाऐवजी फळाचा एक अदृश्य भाग, म्हणजे सेवेचे पुण्य, देऊ केला जातो, आणि अशा रीतीने ती कामापुरती ऋत्विज आणि मोबदल्याच्या वेळी यजमान ठरते. आशा स्वयंसेविकांच्या बाबतीत हे अधिकच उघड आहे: २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ही योजना आली, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला, डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडी सेविकाही संपावर गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील अमीरबी प्रकरणात २००६ मध्ये सेविका शासकीय पदावर नसल्याचे म्हटले होते, पण गुजरातमधील मणिबेन भारिया प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये त्यांना उपदानाच्या कायद्याचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, लाभ मान्य केला. अनेक सेविका स्वतःच्या कामाला अभिमानाने सेवा म्हणतात, आणि संपाच्या काळातही ते म्हणणे त्यांनी सोडलेले नाही. सेवाभाव आणि मोबदल्याची मागणी यांत त्यांना विसंगती दिसत नाही, आणि शास्त्रालाही ती दिसलेली नव्हती. स्त्रियांच्या बचत गटांची गोष्ट वेगळी आहे, कारण गटाचा उद्योग खरोखर सर्वांच्या मालकीचा असेल तर तेथील बिनमोबदल्याचे तास सत्राच्या नियमात बसतात, आणि ही मालकी किती खरी हे प्रत्येक गटाचे जमाखर्च पाहूनच ठरवावे लागते.

कारखान्यात आणि गोदामात सेवेची भाषा चालत नाही. तेथे यजमानच दिसेनासा होतो. मुरबाडच्या औद्योगिक क्षेत्रात किंवा भिवंडीच्या गोदामात तरुणी अनेकदा ठेकेदाराच्या ओळखपत्रावर काम करते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती, आणि त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती सांगितली असली, तरी आपला मालक ठेकेदार की कारखाना, हेच जिला ठामपणे सांगता येत नाही तिला तक्रार कोणाच्या समितीकडे न्यायची हा पहिला पेच पडतो. वैदिक यज्ञाच्या आरंभी यजमानाने ऋत्विजांचे वरण करायचे असते, म्हणजे त्यांना नावाने निवडून आपण यजमान असल्याचे जाहीर करायचे असते. ठेकेदारी पद्धतीचा सगळा फायदा हे वरण टाळण्यात आहे.

देहाच्या शुचितेचा प्रश्न यातून वेगळा काढता येत नाही. विटाळाची कल्पना देवघराला आणि स्वयंपाकघराला लागू होते, पण आवणीला, भट्टीला किंवा पॅकिंगच्या पट्ट्याला लागू होत नाही. मासिक पाळीत भाताची रोपे लावू नयेत असे कोणताही शेतमालक म्हणत नाही, कारण चिखलात वाकणारी बाई त्या दिवशीही हवी असते. विटाळ पाळला जातो तो जेथे स्त्रीला अधिकार मिळणार असतो तेथे, आणि जेथे तिचे फक्त श्रम हवे असतात तेथे तो आपोआप विरतो. चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिने देहच विटाळातून घडतो तर सोवळे कोण, या आशयाचा प्रश्न चौदाव्या शतकाच्या सुमारास विचारला, आणि तो जात व स्त्रीदेह या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी विचारलेला होता. जुलै २०२५ मध्ये शहापूरमधील एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसल्यावरून विद्यार्थिनींची अंगझडती घेतल्याची तक्रार झाली, आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. उद्या कामावर जाणाऱ्या मुलींना संस्थेतील अधिकार आणि स्वतःचा देह यांचा संबंध पहिल्यांदा कोठे शिकायला मिळतो, हे त्या घटनेने दाखवले, आणि शिकवणाऱ्या व्यक्ती स्त्रियाच असू शकतात हेही.

तरीही स्थानिक परंपरेत स्त्रीच्या धार्मिक अधिकाराची दुसरी बाजू आहे, ती लक्षात घेतल्याशिवाय चित्र एकांगी राहील. वारल्यांमध्ये लग्न लावण्याचे काम धवलेरी करते. ती स्त्री असते, लग्नाची गाणी तिला मुखोद्गत असतात, आणि तिच्याशिवाय विधी पुरा होत नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली तेव्हा शहरी समाजाला ते क्रांतिकारक वाटले, पण जुन्या ठाणे जिल्ह्याच्या पाड्यांवर ते आधीपासूनच होते. धवलेरीचा अधिकार कोणत्याही सूत्रग्रंथाने दिलेला नाही, आणि हाच मुद्दा मीमांसेच्या मर्यादेकडे घेऊन जातो. सहाव्या अध्यायाच्या ज्या पादात, म्हणजे उपविभागात, जैमिनीने स्त्रीला अधिकार दिला, त्याच पादात शूद्राला तो नाकारला आहे. त्यामुळे कातकरी स्त्री त्या युक्तिवादाच्या कक्षेबाहेरच राहते, आणि तिच्यासाठी तो वापरायचा तर त्याची एक भिंत पाडूनच वापरावा लागतो. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिले तेव्हा ती भिंत कोठे आहे हेच त्यांनी दाखवले होते. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, स्त्रीच्या श्रमाचा फायदा ज्याला होतो त्याने तिच्या प्रसूतिकाळाचा भारही उचलला पाहिजे, अशी भूमिका त्यांनी घेतली; आणि पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. फळ ज्याचे, परिक्रय त्याच्याकडून, हे तत्त्व येथे जातीची अट वगळून परत आलेले दिसते.

दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे, कारण ती या लेखाच्या विषयाच्या मध्यभागी येते. मीमांसेने अधिकार दिला तो पत्नीला. अविवाहित मुलीला त्या चर्चेत जागाच नाही. मुक्ताबाई अविवाहित होती आणि चांगदेवासारख्या योग्याची गुरू झाली, पण परंपरेने तिला जे दिले ते ज्ञानातील स्थान होते, कमाईवरील स्वामित्वाचा प्रश्न तिच्या संदर्भात कधी आलाच नाही. आसनगावहून लोकलने निघणारी बावीस वर्षांची पदवीधर मुलगी नेमकी या मोकळ्या जागेत उभी आहे. घरात ती परक्याचे धन समजली जाते, म्हणून तिच्या पगारातून भावाची फी आणि तिच्याच लग्नाची तरतूद होते. मुलाखतीत तिला लग्न कधी करणार असे विचारले जाते, कारण लग्न झाले की ती जाईल हे गृहीत असते. शास्त्राच्या दृष्टीने विवाहाआधी तिला अधिकार नाही आणि मालकाच्या दृष्टीने विवाहानंतर तो उरत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पाहता तिचा अधिकार ज्या क्षणी सुरू व्हायचा त्याच क्षणी संपतो. मुंबईच्या एका औषधनिर्मिती कंपनीत पॅकिंगचे काम करणाऱ्या अविवाहित स्त्रियांना लग्न होताच कामावरून काढण्याचा नियम होता, तो १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला, आणि विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात हे मालकाचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही. तो नियम आता कोणाच्याही नियमपुस्तिकेत सापडणार नाही, कारण त्याचे काम मुलाखतीतील एका प्रश्नाने होते. पुरुष आणि स्त्री यांना समान कामासाठी समान वेतन देण्याचे धोरण संविधानाच्या एकोणचाळिसाव्या अनुच्छेदात आहे आणि १९७६ मध्ये त्याचा कायदाही झाला, पण त्या कायद्याने भरतीतील भेदभावालाही मनाई केली असली, तरी कामावर घेण्याआधीच्या त्या प्रश्नाला तो क्वचितच पोहोचला. अविवाहित स्त्रीला स्वतःच्या श्रमाचे फळ स्वतःच्या नावाने इच्छिण्याचा आणि म्हणून हवे तर सोडण्याचाही अधिकार कशाच्या आधारावर आहे, याची मांडणी मराठी धर्मविचाराने अद्याप केलेली नाही. जैमिनीने पत्नीसाठी दिलेले कारण, म्हणजे फळाची ओढ तिलाही तितकीच असते, हे विवाहाची अट काढून घेतली तरी तसेच टिकते, आणि त्या मांडणीची सुरुवात तेथून होऊ शकते.